भरलेली टाकी आणि कोंडलेली वाफ

इचलकरंजीतील एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी २००४ साली घेतलेली एक लहान मोटार अजून नांदते आहे. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर पाच-पाच वर्षांची मुदत दोनदा वाढवून घेतली, इंजिनाची निगा राखली, आणि आजही कुंभोजच्या बाहुबली-दर्शनाला, नातेवाइकांच्या लग्नकार्याला, सांगली-कोल्हापूरच्या वसुलीला तीच गाडी जाते. घरातील वडीलधाऱ्या अण्णांचे मत असे की, नीट चालणारी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून देऊ नये. नव्याचा सोस हाही परिग्रहच. हे मत चुकीचे नाही. परंतु जुनी वस्तू वापरायची तर तिच्या तक्रारी वेळेवर ऐकण्याची सवयही ठेवावी लागते. या गाडीची तक्रार वर्षभर कोणी ऐकली नाही.

तक्रार साधी होती. पंपावर नोझल टाकीच्या तोंडात घातले की लिटर-दीड लिटर पेट्रोल जाताच ‘खट्’ असा आवाज होई आणि धार बंद पडे. पुन्हा दाबावे, पुन्हा खट्. वीस लिटर भरायला दहा-पंधरा वेळा दाबावे लागे. मागे रांग लागलेली, दुकान उघडायची वेळ झालेली, आणि अण्णांचा संयम सुटलेला. “तुमचं मशीनच नादुरुस्त आहे,” असे ते पंपावरच्या मुलाला सुनावत. मुलगा नम्रपणे म्हणे, “अण्णा, मशीन नाही, तुमची गाडीच पेट्रोल घेत नाही.” अण्णांना हे उत्तर उद्धटपणाचे वाटे. मग ते त्याला हळूहळू, थेंब-थेंब करून, अगदी तोंडापर्यंत टाकी भरायला लावत. एकदा भरली की आठवडाभर पुन्हा ही कटकट नको, हा त्यामागचा हिशेब.

एके दिवशी पस्तीस लिटरच्या टाकीत पंपाच्या यंत्राने साडेपस्तीस लिटर दाखवले, आणि टाकीत आधीचे थोडे पेट्रोल शिल्लक होतेच. अण्णांनी चार लोकांसमोर त्या मुलावर मापात मारल्याचा आरोप केला. व्यवस्थापकाने शांतपणे वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप आणले आणि त्यात पेट्रोल मोजून दाखवले. असे माप प्रत्येक पंपावर ठेवावेच लागते आणि कोणताही ग्राहक ते मागू शकतो. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरतात. माप बरोबर निघाले. अण्णा काही न बोलता निघून गेले, पण मनातला संशय गेला नाही.

हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे वापरणे, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे हे व्यापारी घरात लहानपणापासून ऐकलेले असते. म्हणूनच असा आरोप दुसऱ्यावर करण्यापूर्वी त्याची शहानिशा करणे हेही त्याच व्रताच्या पोटात येते. टाकीची जी क्षमता पुस्तिकेत छापलेली असते, ती टाकीच्या वरच्या भागात मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा आणि तोंडाकडे येणारी नळी सोडून धरलेली असते. ती जागाही पेट्रोलने भरली तर आकडा क्षमतेच्या पुढे जाणारच. यंत्र खोटे बोलत नव्हते. टाकी जिथवर भरू नये तिथवर भरली जात होती.

जितके जमा, तितके नावे

टाकी रिकामी कधीच नसते. पेट्रोल संपत आलेल्या टाकीत हवा आणि पेट्रोलची वाफ असते. वीस लिटर पेट्रोल आत येते तेव्हा वीस लिटर वाफमिश्रित हवेला त्याच क्षणी बाहेर पडावे लागते. खतावणीत एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूशिवाय पुरी होत नाही, तसाच हा व्यवहार आहे. आपल्याकडील जुन्या गाड्यांत यासाठी दोन नळ्या असतात. एक जाड, जिच्यातून पेट्रोल खाली उतरते. आणि तिच्या शेजारून वर येणारी एक बारीक, जिच्यातून टाकीतली हवा पुन्हा तोंडापाशी येऊन बाहेर पडते. या बारीक नळीला गॅरेजमध्ये ब्रीदर म्हणतात. ती दबली, दुमडली किंवा आतून फुगून बंद झाली, तर हवेला जायला वाट उरत नाही. मग ती जाड नळीतूनच उलटी वर येऊ पाहते आणि येणारे पेट्रोल नोझलकडे परत ढकलते.

नोझल आपोआप बंद होण्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून थोडी हवा आत ओढली जाते. टोक पेट्रोलमध्ये बुडाले की छिद्र बंद होते, हवा मिळेनाशी होते, आत निर्वात तयार होतो आणि त्या ओढीने पडदा हलून खटका सुटतो. यात वीज नाही की संगणक नाही. म्हणजे नोझलला टाकी भरली की नाही हे मुळीच कळत नाही. आपल्या टोकाला पेट्रोल लागले, एवढेच कळते. निरोगी टाकीत हे पूर्ण भरल्यावर घडते, हवा अडलेल्या टाकीत दर लिटरमागे घडते.

वरची मोकळी जागा ही आळसाने राहिलेली नसून हिशेबाने ठेवलेली असते. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. जमिनीखालच्या टाकीतले गार पेट्रोल पस्तीस लिटर भरले आणि उन्हात ते १५ अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. त्याला वाढायला जागा हवी. ती जागा तोंडापर्यंत भरून टाकली, तर वाढलेले पेट्रोल मिळेल त्या वाटेने बाहेर पडू पाहते.

कोळशाचा डबा

पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत टाकीचे टोपण छिद्राचे असे आणि वाफ सरळ हवेत जाई. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ही वाफ अडवणे मोटार-कंपन्यांना बंधनकारक झाले आणि पुढे ती व्यवस्था जगभर पसरली. आपल्याकडील इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत ती सर्रास आढळते.

व्यवस्था अशी. टाकीच्या माथ्यावरून निघणारी वाफ एका नळीने प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. या डब्यात क्रियाशील कोळशाचे दाणे असतात आणि ते वाफ स्वतःवर धरून ठेवतात. डब्याचे एक तोंड बाहेरच्या हवेसाठी उघडे असते. इंजिन गरम होऊन चालू लागले की पर्ज व्हॉल्व्ह नावाचा विजेवर चालणारा लहान पडदा उघडतो. इंजिन आपल्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून खेचून घेते, त्या हवेबरोबर साठलेली वाफही इंजिनात येऊन जळते, आणि कोळसा पुन्हा रिकामा होतो. जे वाया गेले असते ते कामी येते. टाकीच्या माथ्यावर आणखी एक झडप असते. गाडी कलंडली किंवा पेट्रोल फार वर आले, तर द्रव पेट्रोल या वाटेने जाऊ नये म्हणून ती मिटते.

परंतु ही झडप रोजच्या हव्यासापुढे टिकत नाही. टाकी वारंवार तोंडापर्यंत भरली, त्यात गाडी उतारावर उभी केली, की थोडे थोडे द्रव पेट्रोल डब्यात पोहोचते. कोळसा वाफेसाठी असतो, द्रवासाठी नव्हे. भिजलेला कोळसा वाफ धरीनासा होतो. काही डब्यांत दाणे सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि तो उघडाच राहतो. मग टाकी भरल्यानंतर गाडी चालू व्हायला त्रास देते, चालू झाली तर थरथरते, आणि सगळ्यांचा संशय प्लगवर किंवा पेट्रोलच्या भेसळीवर जातो.

सूनबाईंची वही

अण्णांच्या घराची रचना जुन्या व्यापारी घरांसारखी आहे. तळमजल्यावर मागे कापडाचे गोदाम, पुढे शटर असलेली बंदिस्त जागा, तिथेच रात्री गाडी उभी राहते. कोपऱ्यात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, जमिनीपासून हातभर उंचीवर. वरच्या मजल्यावर सहा माणसे झोपतात. पहाटे नळाला पाणी आले की कोणीतरी खाली येऊन स्टार्टरचे बटण दाबते. अण्णा सकाळी गाडी काढण्यापूर्वी डॅशबोर्डवर उदबत्ती लावतात.

गाडीत पेट्रोलचा वास येतो, ही तक्रार प्रथम नातवाने केली. मागच्या सीटवर झोपला की त्याला मळमळे. “जुनी गाडी म्हटलं की थोडा वास यायचाच,” असे म्हणून ती सोडून देण्यात आली. सूनबाई मात्र घरखर्चाची वही ठेवतात. पेट्रोल कधी, किती, कोणत्या पंपावर भरले आणि किती किलोमीटर झाले याची नोंद त्यात होतीच. त्यांनी शेजारी आणखी एक रकाना आखला : वास आला की नाही. दोन महिन्यांनी वही अण्णांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, “अण्णा, आपण तीन पंप बदलले, तिन्हीकडे नोझल तसंच बंद पडतं. आणि वास येतो तो फक्त टाकी तोंडापर्यंत भरल्यावर दोन दिवस. अर्धी भरली की येत नाही.”

अण्णांनी वही दोनदा वाचली. तीन वेगवेगळ्या पेढ्यांवर आपलाच चेक परत येत असेल तर दोष पेढीचा नसतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. त्याच दिवशी गाडी मिस्त्रींकडे गेली.

मिस्त्रींनी आधी विचारले की, टाकी मागे कधी उतरवली होती का. दोन वर्षांपूर्वी पेट्रोलचा पंप बदलताना दुसऱ्या गॅरेजमध्ये ती उतरवली होती. मिस्त्रींनी बॅटरीची तार काढली, गाडी उघड्यावर घेतली आणि बॅटरीच्या टॉर्चने खाली पाहिले. बारीक नळी टाकी आणि पत्रा यांच्या मध्ये दुमडून बसली होती. पुन्हा बसवताना कोणीतरी घाई केली होती. पुढे त्यांनी मागची सीट उचलली. तिच्या खालच्या झाकणाखाली टाकीच्या माथ्यावर पेट्रोल-पंपाचे रबरी पॅकिंग असते. ते कडक होऊन तडकले होते. टाकी अर्धी असताना तिथवर पेट्रोल येत नसे. तोंडापर्यंत भरली की तिथून झिरपे आणि वाफ थेट गाडीत येई. शेवटी कोळशाचा डबा काढला, तो हाताला जड लागला आणि आत पेट्रोल डुचमळत होते.

दोष एकच होता, एक दुमडलेली नळी. बाकीचे नुकसान त्या दोषावर बळजबरी केल्यामुळे झाले होते. नळी, पॅकिंग आणि डबा बदलण्याचा खर्च एका चांगल्या पोशाखाच्या कापडाएवढाही झाला नाही.

लक्षणावरून दोष ओळखताना

ज्यांच्या घरी दहा-वीस वर्षांची गाडी आहे त्यांनी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी लक्षणे नीट टिपून ठेवावीत. मिस्त्रींचा वेळ वाचतो आणि अनावश्यक भाग बदलले जात नाहीत.

१. नोझल एकाच पंपावर बंद पडत असेल तर दुसऱ्या पंपावर पाहावे. काही पंपांची धार फार जोराची असते. नोझल थोडे फिरवून किंवा किंचित बाहेर घेऊन धार कमी केल्यावर नीट भरत असेल तर काळजीचे कारण नाही. सर्वत्र आणि अर्धी टाकी रिकामी असतानाही बंद पडत असेल तर ब्रीदरची नळी, जाड नळीचे आतले अस्तर आणि तोंडाजवळचा पत्रा तपासावा. मागून ठोकर बसलेल्या गाडीत तोंडाची नळी चेपलेली सापडते.

२. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात असतो : टोपणाचे रबर, तोंडाच्या नळीची भेग, क्लिप, सीटखालचे पॅकिंग किंवा भिजलेला डबा. टाकी कितीही असली तरी वास येत असेल, किंवा गाडीखाली ओला डाग दिसत असेल, तर इंजिनाकडे जाणारी नळी गळत असण्याचा संभव आहे. अशा वेळी गाडी चालवू नये. मिस्त्रींनाच घरी बोलवावे.

३. गाडी अर्धा-पाऊण तास चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते, असे घडत असेल तर बंद पडताच टोपण सैल करून पाहावे. आत जोराने हवा शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बंद आहे. पेट्रोल जाते पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, म्हणून टाकी पेट्रोल धरून ठेवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला छिद्राचे टोपण हरवून बिनछिद्राचे बसवले की हमखास असे होते. टोपण उघडताना होणारा हलका फुसकारा मात्र स्वाभाविक आहे.

४. पेट्रोल भरल्यानंतरच गाडी चालू व्हायला त्रास देत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, हे पाहायला सांगावे. इंजिन गार असताना चालू करून व्हॉल्व्हची डब्याकडची नळी काढली तर बोटाला ओढ लागता कामा नये. व्हॉल्व्ह सुटा काढून तपासताना तोंडाने फुंकू नये; रबरी फुग्याचा पंप वापरावा. त्यानंतरच्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागून संगणकात पी ०४४३ सारखी नोंद सापडते. ती या व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीतला दोष सांगते.

५. डब्याचे हवेचे तोंड चिखलाने किंवा कीटकांनी बंद झालेले असू शकते. कुंभारीण माशी आपले मातीचे घर अशाच बारीक नळ्यांत बांधते. उत्तर अमेरिकेत २०११ साली माझ्दा कंपनीने सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वासाने आकृष्ट होणारा एक लहान पिवळा कोळी या हवेच्या नळीत जाळे विणत होता आणि त्यामुळे टाकीला तडा जाण्याचा धोका होता. एवढ्याशा जिवाने एवढ्या मोठ्या कंपनीला कामाला लावले. नळीत घर आढळल्यास दाबाची हवा मारण्यापूर्वी त्यात जीव आहे का हे पाहून, असल्यास तो अलगद बाजूला ठेवून मग नळी साफ करावी. श्रावकाला हे सांगणे न लगे.

यात आणखी एक भर पडली आहे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पॅकिंगे या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. ती फुगू, मऊ पडू किंवा तडकू शकतात. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी आतून गंजते. पंधरा वर्षांवरील गाडीच्या पेट्रोलच्या सर्व नळ्या एकदा बदलून घेणे आणि त्या इथेनॉलला टिकणाऱ्याच आहेत याची खात्री करणे हा खर्च नव्हे, विमा आहे.

प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये. ती तपासणी मागच्या नळीतून येणाऱ्या धुराची असते. टाकीतून झिरपणारी वाफ तिथे मोजली जात नाही. गाडी तपासणीत उत्तीर्ण होते आणि रात्री गोदामाशेजारी वाफ सोडत बसते.

वाफ खाली साठते

ही वाफ किती घातक आहे हे आकड्यांवरून समजते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडे थंडीच्या पहाटेही ते वाफ सोडतच असते. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, म्हणून वर न जाता जमिनीलगत पसरते आणि खळग्यात, कोपऱ्यात साठते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आत-बाहेर झाले की एक ठिणगी पुरते. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, इन्व्हर्टर, फ्रिज, उदबत्ती, यांतली कोणतीही वस्तू ती ठिणगी देऊ शकते. शिवाय पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते आणि बेंझिन कर्करोगकारक ठरलेले आहे. मुलाची मळमळ ही लाडीगोडीची तक्रार नसते.

म्हणून काही पथ्ये कायमची पाळावीत. वास येत असेल त्या दिवशी गाडी बंदिस्त जागेत ठेवू नये. तिथे दिवा, उदबत्ती, विजेचे बटण यांना हात लावण्यापूर्वी शटर उघडून हवा खेळू द्यावी. गळती शोधण्यासाठी काडी किंवा लायटर पेटवू नये, तारेचा बल्ब खाली नेऊ नये. तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये. रिकाम्या टाकीला डाग देण्याचा आग्रह मिस्त्रींना करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफच असते. आणि नोझलचा पहिला खटका वाजला की थांबावे. पुढचे अर्धे लिटर गाडीला चालवत नाही. ते कोळशात जाते, सीटखाली झिरपते किंवा हवेत उडते.

शास्त्रकारांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले त्यात प्रमादचर्या आहे. प्रयोजन नसताना पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, माती उकरणे, म्हणजे निष्काळजीपणाने केलेली हानी. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याही प्रमादापासूनच सुरू होते. इंधन जाळावे लागते, त्यात काही हिंसा अटळ आहे, हे गृहस्थ जाणतो आणि मान्य करतो. पण न जळता हवेत गेलेले पेट्रोल कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्यातून प्रवास होत नाही, व्यापार होत नाही; होतो तो फक्त खर्च, रोग आणि आगीचा धोका. दोन महिन्यांच्या वहीने आणि एका दुमडलेल्या नळीने जे उघड केले, ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर तिथून हलवून जिन्याच्या वरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीला बसवण्यात आला. उदबत्तीही आता गाडीबाहेर, देव्हाऱ्यापुढेच लागते.

चार दिवसांनी अण्णा स्वतः गाडी घेऊन त्याच पंपावर गेले. तोच मुलगा होता. त्याने सवयीने धार बारीक केली, तेव्हा अण्णा म्हणाले, “पूर्ण दाब.” नोझल एकदाही न अडखळता चालत राहिले. सव्वीस लिटर झाले, सत्तावीस झाले, आणि अठ्ठाविसाव्या लिटरला खटका वाजला. मुलाने वाकून पाहिले.

“अण्णा, अजून एक-दीड बसेल. टाकू?”

“नको. तुझं मशीन बरोबर सांगतंय,” अण्णा म्हणाले. पैसे देताना ते क्षणभर थांबले. “त्या दिवशी चार माणसांत तुला बोललो, ती माझी चूक होती. मनात ठेवू नकोस, बाळ.”

मुलगा संकोचला. पावती त्यांच्या हातात देऊन त्याने टोपण दोनदा फिरवून घट्ट बसवले.